गिधाडांचा ऱ्हास आणि परिसंस्थेचा समतोल

एखाद्या प्राण्याची संख्या अचानक घटली की त्याचे परिणाम परिसंस्थेत किती दूरवर पोहोचतात, याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले भारतीय उदाहरण गिधाडांचे आहे. पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि सडपातळ चोचीचे गिधाड या तीन जाती १९८० च्या दशकापर्यंत उपखंडात विपुल होत्या. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वाधिक संख्येने असलेले मानले जाई. १९९२ ते २००७ या काळात रस्त्यांच्या कडेने केलेल्या गणनांत याच जातीची घट ९९.९ टक्के, तर उरलेल्या दोन जातींची मिळून सुमारे ९७ टक्के आढळली. शिकार किंवा जंगलतोड यांमुळे एवढा मोठा पक्षी इतक्या थोड्या वर्षांत नाहीसा होत नाही. कारण वेगळेच होते.

गिधाडे सहसा शिकार करत नाहीत, मेलेले जनावर खाऊन जगतात. ती वासावर नव्हे, नजरेवर विसंबतात. उंच घिरट्या घालताना एकाने खाली झेप घेतली की दूरवरची गिधाडे ती हालचाल पाहून त्याच दिशेने येतात आणि थोड्याच वेळात शेकडो पक्षी जमतात. मोठा थवा असेल तर बैलाएवढे जनावर तासाभरात हाडांपर्यंत साफ होते. त्यांच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असल्याने सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू तेथेच मरतात. भारतात या कामाचे मोल अधिकच होते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गायी-बैल व म्हशी-रेडे मिळून ३० कोटींहून अधिक आहेत. त्यांतली बरीच म्हातारपणाने किंवा आजाराने मरतात आणि त्यांचे मांस माणसे सहसा खात नाहीत. मेलेले ढोर गावाबाहेर नेऊन कातडे सोलायचे, मांस गिधाडांनी संपवायचे आणि उरलेली स्वच्छ हाडे गोळा करणाऱ्यांनी हाडांच्या भुकटीसाठी न्यायची, अशी ही साखळी होती. पैसा न लागता चालणारी एवढी मोठी स्वच्छता-व्यवस्था दुसरी सापडणार नाही.

ऱ्हासाची पहिली ठोस नोंद राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी तेथील घरट्यांची आधीची व नंतरची मोजणी ताडून पाहिली, तेव्हा घट उघड झाली. आजारी पक्षी मान खाली टाकून झाडावर बसून राहत आणि अखेर मरून पडत. कीटकनाशके, विषाणू, अन्नाची टंचाई असे अनेक तर्क झाले. उलगडा २००४ मध्ये झाला. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. त्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर साचले होते, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. ज्या जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिले होते, त्यांचे मांस खाल्ल्याने हे घडत होते. १९९० च्या दशकात हे औषध स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या, ताप आलेल्या किंवा दुखऱ्या कासेच्या जनावराला सर्रास टोचले जाऊ लागले. गुराला उतार पडे. पण औषध दिल्यावर लवकरच ते मेले, तर त्याचे शव विषारी ठरे.

गणिती प्रारूपांनुसार शंभरांतील एकाहूनही कमी शवांत घातक मात्रा असली, तरी एवढी घट होऊ शकते. एका शवावर अनेक गिधाडे जेवतात, हे एक कारण. दुसरे त्यांच्या जीवनक्रमात आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रौढ व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. असा पक्षी टिकतो तो प्रौढांच्या दीर्घायुष्यावर. प्रौढांचे मृत्यू थोडे वाढले, तरी जननाने ती तूट भरून निघत नाही.

गिधाडे गेली, शवे मात्र तशीच पडत राहिली. ती भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली. येथे समतोलाविषयीचा एक ढोबळ समज खोटा ठरतो. एक भक्षक गेला की दुसरा त्याची जागा घेतो हे खरे; पण तो तेच काम तितक्याच नीट करतो, असे नाही. कुत्री शव सावकाश खातात, बरेचसे सडू देतात, आणि त्यांच्यामार्फत रेबीज माणसापर्यंत पोहोचतो. अनिल मार्कंडेय व सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात १९९२ ते २००६ या काळात कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढल्याचा आणि त्यामुळे रेबीजने सुमारे ४८,००० जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये वेगळ्या मार्गाने तपास केला. पूर्वी गिधाडांना अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदर त्यांनी ताडून पाहिले. पहिल्या गटात मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला होता. २००० ते २००५ या काळात त्याचा हिशेब सुमारे पाच लाख जादा मृत्यूंचा होतो. रेबीजखेरीज दूषित पाणी हेही त्यांनी संभाव्य कारण मानले आहे. हे आकडे अंदाज आहेत आणि कुत्री वाढण्यास उघड्यावरचा कचराही जबाबदार आहे. तरीही परिणामाची दिशा स्पष्ट आहे.

कुत्र्यांची उपलब्धता इतर प्राण्यांचेही जीवन बदलते. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. वाघाप्रमाणे हरणांवर न जगता बिबट्या गावाशेजारी कसा टिकतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. परिणाम धार्मिक आचारातही उमटला. मुंबईतील डुंगरवाडीच्या दोखम्यांत पार्थिव देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची पारशी प्रथा पक्ष्यांअभावी अडली आणि सूर्यकिरण केंद्रित करणारी उपकरणे बसवावी लागली.

भारताने २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्याने २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर मर्यादित केले गेले. किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक हीदेखील गिधाडांना घातक ठरली. गुरांसाठी त्यांच्यावर बंदी मात्र २०२३ मध्ये आली. हा उशीर महागात पडला. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात बंदिवासातील प्रजननाला यश आले आणि तेथील पक्षी २०२४ मध्ये पेंच व ताडोबा येथे आणले गेले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील चिरगाव येथे स्थानिकांच्या साथीने घरट्यांचे रक्षण होते, तर गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी निर्धोक शवे ठेवण्याच्या जागा, म्हणजे ‘गिधाड उपाहारगृहे’, चालवली. घसरणीचा वेग बंदीनंतर मंदावला, पण पूर्वीची संख्या परतलेली नाही. तिन्ही जाती आजही जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहेत.