दोऱ्याचं अंतर

शाळेत असताना भूगोलाच्या तासाला मी पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन जायचो. दोन शहरांवर दोऱ्याची टोकं धरायची आणि दोरा ताणायचा. तीच सर्वांत जवळची वाट. नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात लांबची निघते, हे पाहून मुलांना मोठी गंमत वाटायची.

परवा नातवाबरोबर तोच खेळ मांडला. त्याने हेलसिंकी आणि टोकियो ही गावं निवडली. दोरा सायबेरियावरून गेला. अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. "म्हणजे नऊ-साडेनऊ तास, आजोबा!" हिशेब बरोबर होता, पण त्यात इतिहास धरला नव्हता.

शीतयुद्धात सोव्हिएत संघाने ते आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद ठेवलं होतं. युरोपातून जपानला जायचं तर दक्षिणेकडून, मुक्काम करत, ५० तासांच्या आसपास लागत. फेब्रुवारी १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने कोपनहेगनहून आर्क्टिकवरून, अलास्कातल्या अँकरेजमार्गे टोकियो गाठायला सुरुवात केली. वेळ ३२ तासांवर आली. ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचं राहत नाही, म्हणून सूर्य-ताऱ्यांचे वेध घेत जावं लागे.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरचं डीसी-१० विमान हेलसिंकीहून कुठेही न थांबता टोकियोला जाऊ लागलं. पण तेही उत्तर ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून, सुमारे १३ तासांत. हा वळसा कशासाठी, ते त्याच वर्षी १ सप्टेंबरला जगाला कळलं. वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं. २६९ माणसं गेली.

पुढे सोव्हिएत संघ मोडला, सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि नातवाचे नऊ तास खरे ठरले. ते टिकले फेब्रुवारी २०२२ पर्यंत. युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. मार्चमध्ये फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवावरून निघाली. पुन्हा १३ तास! प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळे, हीच काय ती वरकमाई. ३९ वर्षांत विमानं कितीतरी सुधारली, पण वेळ होती तिथेच आली.

हे काही दूरदेशीचंच नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांनाही वळसा पडला.

"मग दोरा खोटं सांगतो का?" नातवाने विचारलं. खोटं नाही रे. अंतर तेवढंच असतं. पण वाटेतल्या घरांनी अंगणातून जाऊ दिलं, तरच ते तेवढं राहतं. इतकी वर्षं वर्गात दोरा ताणला, पण हे मात्र मी मुलांना कधी सांगितलं नाही. धडा अर्धाच शिकवला म्हणायचा.