वर्गाविना पदवी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात पदव्युत्तर परीक्षेचा विचार

पदव्युत्तर परीक्षेत वर्ग वा श्रेणी न देता केवळ ‘उत्तीर्ण’ अथवा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच निर्णय द्यावा, ही कल्पना आपल्याकडे परदेशी समजली जाते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने 1920 च्या दशकापासून श्रेणींना फाटा दिला आणि तेथील विधिशाखेने 1960 च्या दशकाच्या अखेरीस रूढ अक्षरश्रेणी टाकून दिल्या, ही उदाहरणे त्यासाठी पुढे केली जातात. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थी ज्या विद्यापीठांच्या पदव्या घेत आला, त्यांच्या पदव्यांच्या उतरंडीत सर्वांत वरची जी पीएच.डी., तिच्यावर वर्गाचा शिक्का नाही. खालच्या पायऱ्यांवर वर्ग आणि शिखरावर वर्गाचा अभाव, असे हे चित्र आहे. त्यातील विसंगतीकडे सहसा लक्ष जात नाही, कारण ती सर्वांच्या अंगवळणी पडली आहे.

तिचे मूळ इंग्लंडात आहे. तेथील जुन्या विद्यापीठांत सन्मान-परीक्षा आणि साधी परीक्षा या दोन निराळ्या वाटा होत्या. वर्ग मिळे तो सन्मान-परीक्षेच्या मोजक्या उमेदवारांना. इतरांची पदवी नुसती ‘उत्तीर्ण’ असे व तीत कमीपणा मानला जात नसे. 1857 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी विद्यापीठे निघाली. मध्यप्रांतातील महाविद्यालये प्रथम कलकत्त्यास व पुढे अलाहाबादेस जोडलेली होती. 4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. खामगावात 1947 साली महाविद्यालय निघाले, तेव्हा तेथील पदवी अर्थातच नागपूरची होती. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्याची नाळ तिकडे जोडली गेली. या दीर्घ प्रवासात वर्ग हा मानाचा तुरा राहिला नाही. तो प्रत्येक पदवीधराच्या कपाळावरची रेषा झाला, आणि तृतीय वर्ग म्हणजे केवळ उत्तीर्णतेहून हीन असे काहीतरी, अशी समजूत रूढ झाली.

पीएच.डी.चा इतिहास निराळा आहे. जर्मन विद्यापीठांत डॉक्टरेटलाही लॅटिन बिरुदांच्या श्रेणी असत. ऑक्सफर्डने 1917 साली संशोधनाची ही पदवी स्वीकारली ती श्रेणींशिवाय, आणि भारतीय विद्यापीठांनी हाच इंग्रजी प्रघात उचलला. परीक्षकांनी प्रबंध स्वीकारावा, सुधारण्यासाठी परत करावा किंवा नाकारावा. याहून अधिक निवाडा त्यांच्याकडून अपेक्षित नाही. गुणांची जागा येथे परीक्षकाच्या लेखी अभिप्रायाने घेतली आहे, आणि या व्यवस्थेचे खरे बळ त्यातच आहे. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे 1908 साली जन्मलेले वि. भि. कोलते पुढे 1966 ते 1972 या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांमध्ये त्यांनी आयुष्य वेचले, आणि त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ 1978 साली प्रसिद्ध झाले. अशा कार्यास 58 गुण द्यावेत की 61, हा प्रश्नच हास्यास्पद ठरतो. मात्र एम.ए.च्या विद्यार्थ्याने त्याच ग्रंथांवर लिहिलेल्या उत्तरास असे गुण दिले जातात, तेव्हा कोणी हसत नाही.

परीक्षासुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राधाकृष्णन आयोगाने (1948–49) वर्ग ठेवले, पण कडक केले : प्रथम वर्गास 70, द्वितीयास 55 व तृतीयास 40 टक्के. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सात अक्षरांची आणि 2015 नंतर निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा गुणांकांची श्रेणी सुचविली. या दोन्ही योजनांत अक्षराआड आकडा दडलेलाच होता.

खरी कसोटी लागली ती नेमणुकीच्या वेळी. 1991 च्या नियमांनी अधिव्याख्याता होण्यास पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के आवश्यक केले. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच टक्क्यांची सूट पुढील नियमांतून मिळत गेली. मेहकर किंवा सिंदखेडराजाहून आलेल्या ज्या विद्यार्थ्याचे 54 टक्क्यांवर अडले, त्याच्यासाठी ‘उत्तीर्ण’ या शब्दाला नोकरीच्या बाजारात किंमत उरली नाही. त्याने नंतर पीएच.डी. मिळविली, तरी एम.ए.चा आकडा त्याची पाठ सोडीत नसे. पुढील नियमांत पीएच.डी.धारकांना 50 टक्क्यांपर्यंत सवलत देण्यात आली, पण ज्यांची पदव्युत्तर पदवी 19 सप्टेंबर 1991 पूर्वीची होती त्यांनाच. विद्वत्तेचा निवाडा असा दिनदर्शिकेवर सोपविलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

यानंतर आकडा पीएच.डी.च्या अंगणातही शिरला. 2009 च्या विनियमांनी संशोधकास किमान एका सत्राचा अभ्यासक्रम लावला. 2016 च्या विनियमांनी त्यात 55 टक्के अथवा तत्सम श्रेणी अनिवार्य केली, आणि 2022 च्या विनियमांतही ती अट राहिली. प्रबंधाचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणे वर्गाविनाच होत आहे.

2018 च्या नेमणूक-विनियमांतील तक्ता या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी उमेदवारांची प्राथमिक छाननी करताना पीएच.डी.ला सरसकट 30 गुण मिळतात, प्रबंध थोर असो वा जेमतेम. पदव्युत्तर पदवीस मात्र टक्केवारीप्रमाणे 20, 23 किंवा 25 गुण आहेत. त्यामुळे दोन पीएच.डी.धारक समोरासमोर आले आणि इतर बाबी सारख्या असल्या, तर त्यांच्यात निवड करताना कोणी त्यांचे प्रबंध उघडीत नाही. कित्येक वर्षांपूर्वी दिलेल्या एम.ए.च्या परीक्षेची गुणपत्रिका तेवढी पाहिली जाते.