रॉकी हॉरर : पडद्यावरचा निकाल आणि प्रेक्षागृहातला निकाल

#थ्रेड

१/ सप्टेंबर १९७५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा संगीतपट बहुतेक शहरांत सपशेल पडला. पुढे मात्र तोच चित्रपट मध्यरात्रीच्या खेळांत अनेक दशके चालला. लैंगिकतेविषयीच्या बदलत्या दृष्टिकोनाचा इतिहास या दोन घटनांच्या मधल्या जागेत सापडतो.

२/ आधी ब्रिटन. पुरुषांमधील समलैंगिक संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये केली. कायदा व्हायला १९६७ उजाडले. तोही इंग्लंड-वेल्सपुरता, २१ वर्षांवरील पुरुषांसाठी आणि केवळ खासगीत. १९६८ मध्ये नाटकांवरील लॉर्ड चेंबरलेनची १७३७ पासूनची सेन्सॉरशिप संपली.

३/ अमेरिकेत १९३४ पासून काटेकोरपणे राबवली गेलेली हेज संहिता ‘लैंगिक विकृती’चा उल्लेखही पडद्यावर येऊ देत नसे. तीही १९६८ मध्येच गेली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये स्टोनवॉलचा उठाव झाला. १९७३ अखेरीस अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले.

४/ त्याच १९७३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवरील छोट्या सभागृहात रिचर्ड ओब्रायन यांचे मूळ नाटक रंगमंचावर आले. जुने भयपट, विज्ञानपट आणि रॉक संगीत यांचे ते मिश्रण होते. सेन्सॉरशिप संपल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी ते उभे राहू शकले.

५/ कथा अशी : ब्रॅड आणि जॅनेट हे साखरपुडा झालेले सोज्वळ जोडपे वादळी रात्री एका गढीत आश्रय घेते. तिथला यजमान फ्रँक-एन-फर्टर (टिम करी) कॉर्सेट आणि जाळीदार मोजे घालून वावरतो. पुरुष आणि स्त्रिया दोघांविषयीचे आकर्षण तो लपवत नाही. पाहुण्यांची सभ्यता एका रात्रीत गळून पडते.

६/ शेवट मात्र जुन्याच वळणाचा आहे. फ्रँक मारला जातो. मर्यादा मोडणाऱ्याला शिक्षा, हा हेज काळातला शिरस्ता इथेही दिसतो. शिवाय अंधारात दुसऱ्याचे सोंग घेऊन तो ब्रॅड आणि जॅनेट दोघांच्याही शय्येवर जातो. संमतीचा प्रश्न चित्रपट हसण्यावारी नेतो. त्यामुळे केवळ संहिता वाचून त्याला मुक्तीचा जाहीरनामा ठरवता येत नाही.

७/ निकाल फिरवला तो प्रेक्षकांनी. एप्रिल १९७६ पासून ग्रीनिच व्हिलेजमधील वेव्हर्ली चित्रपटगृहात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. लोक पडद्यावरच्या पात्रांना मोठ्याने उत्तरे देऊ लागले, लग्नाच्या प्रसंगी तांदूळ उधळू लागले, पात्रांसारखी वेशभूषा करून पडद्यासमोर अभिनय करू लागले. पडद्यावर मरणारा फ्रँक प्रेक्षागृहात नायक ठरला.

८/ यामागची जोखीम खरी होती. स्त्रीवेशातील पुरुषांना पकडण्यासाठी अमेरिकेतील अनेक शहरांत पोलीस जुने कायदे वापरत आले होते. अशा समाजात चित्रपटगृहात कॉर्सेट घालून येणारा तरुण ‘हे तर सोंग आहे’ असे म्हणू शकत होता. कोणासाठी ते खरोखरच सोंग होते, तर कोणासाठी स्वतःला आजमावण्याची पहिली जागा. कोण कशासाठी आले आहे, हे सांगण्याची सक्ती नव्हती. हेच त्या जागेचे बळ होते.

९/ हा बदल सरळ रेषेत झाला नाही. १९७७ मध्ये फ्लोरिडातील डेड काउंटीच्या मतदारांनी समलैंगिकांना भेदभावापासून संरक्षण देणारा स्थानिक नियम मोठ्या बहुमताने रद्द केला. १९८० च्या दशकात एड्सच्या साथीने जुनी भीती पुन्हा जागवली. फ्रँकच्या ओळखीसाठी चित्रपटात वापरलेले शब्द आज अनेक पारलिंगी व्यक्तींना अवमानकारक वाटतात.

१०/ २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला. इतिहासाचे साधन म्हणून तो पाहताना १९७५ ची रिळे पुरेशी नाहीत. १९७५ मध्ये निर्माते काय दाखवू धजले, एवढेच त्यांतून कळते. लोक काय स्वीकारू लागले होते, हे कळते ते १९७६ नंतरच्या प्रेक्षागृहांतून.