पावसात सिग्नल लाल का होतो? ट्रॅक सर्किट कसं काम करतं?

मुसळधार पावसात मुंबईची लोकल दोन स्टेशनांच्या मध्येच थांबते आणि ‘सिग्नल बिघाड’ झाल्याचं कळतं. या बिघाडाचं एक नेहमीचं कारण म्हणजे ट्रॅक सर्किट.

ट्रॅक सर्किट म्हणजे काय?

रुळांच्या ठरावीक भागात गाडी आहे की नाही, हे ओळखणारी ही विद्युत यंत्रणा. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रुळांचा प्रत्येक भाग इन्सुलेटेड जॉइंटने वेगळा केलेला असतो. एका टोकाकडून वीजप्रवाह सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले असतो. भाग रिकामा असेल तर प्रवाह रिलेपर्यंत पोहोचतो. गाडी आली की चाकं आणि ॲक्सलमुळे दोन्ही रूळ जोडले जातात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो.

पावसात काय बिघडतं?

पाणी आणि चिखल भरलेल्या खडीतून प्रवाह एका रुळातून दुसऱ्याकडे झिरपतो. रिलेला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि भाग रिकामा असूनही सिग्नल लाल होतो. वायर तुटली किंवा वीज गेली तरी तेच घडतं. गाड्या रखडतात, पण धडकत नाहीत. याला ‘फेल-सेफ’ रचना म्हणतात.

मग धोका कधी?

गाडी उभी असूनही यंत्रणेने रूळ मोकळा दाखवला तर. उदाहरणार्थ, कमी वापरातल्या रुळांवर गंज चढला की चाकांचा विद्युत संपर्क नीट होत नाही.

देखभालीत काय तपासतात?

जॉइंटवर साचलेला लोखंडाचा कीस काढणं, जोडतारा पाहणं, व्होल्टेज मोजणं ही नेहमीची कामं. शिवाय भारतीय रेल्वेत डीसी ट्रॅक सर्किटच्या दोन रुळांमध्ये ०.५ ओमचा रोध लावून रिले पडतो का, हे पाहिलं जातं.

चाचणी राहिली तर?

२२ जून २००९ रोजी वॉशिंग्टन मेट्रोच्या फोर्ट टॉटन स्टेशनजवळ उभी असलेली गाडी ट्रॅक सर्किटला ‘दिसली’ नाही. यंत्रणेतच तयार झालेल्या खोट्या सिग्नलमुळे रूळ मोकळा समजला गेला. मागून आलेली गाडी धडकून ९ जणांचा मृत्यू झाला. असा दोष शोधणारी चाचणी २००५ मधील एका घटनेनंतर तयार झाली होती. ती मेट्रोच्या संपूर्ण जाळ्यात वापरलीच गेली नव्हती, असं चौकशीत आढळलं.

लाल सिग्नलचा बिघाड लगेच कळतो. हा दुसरा बिघाड मात्र बहुतेक वेळा तपासणीतच सापडतो.