गप्पी व पिल्लं देणारे इतर मासे : घरगुती टाकीतील संख्यानियंत्रण

अंडी न घालता पोहती पिल्लं देणाऱ्या गप्पी, मॉली, प्लेटी आणि स्वोर्डटेल या शोभेच्या माशांची घरच्या काचेच्या टाकीतली वाढ आटोक्यात ठेवण्याचे उपाय. हे चारही मासे पीसिलिइडी कुलातले आणि मूळचे अमेरिका खंडातले. महाड-पोलादपूर भागात, कोकणात इतरत्र असते तशीच, गप्पीची ओळख दुहेरी आहे : दिवाणखान्यातला रंगीत मासा आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभाग साठवणीच्या पाण्यात सोडतो तो मासा. संख्येचा प्रश्नही त्यामुळे टाकीच्या काचेपाशी संपत नाही.

गप्पीचे (पीसिलिया रेटिक्युलाटा) पहिले शास्त्रीय वर्णन विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ साली केले. त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवणारे रॉबर्ट जॉन लेचमीर गप्पी यांच्यावरून १८६६ मध्ये दिलेले शास्त्रीय नाव पुढे बाद झाले, पण लोकांच्या तोंडी तेच राहिले. भारतात हा मासा डासनियंत्रणासाठी १९१० च्या सुमारास आला. त्याचा दांडगा नातलग गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला.

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी विते. एका खेपेला वीस ते साठ पिल्लं होतात, कधी शंभरही. नर दीड-दोन महिन्यांत, मादी तीन महिन्यांच्या आत वयात येते. चैत्रात आणलेल्या एका जोडीची पहिली पिल्लं श्रावणात स्वतः वीत असतात. यामागचे कारण त्रिनिदादच्या ओढ्यांत सापडते. जॉन एंडलर आणि डेव्हिड रेझनिक यांनी तिथे केलेल्या अभ्यासात दिसले, की ज्या ओढ्यात गप्पी खाणारे मोठे मासे भरपूर, तिथल्या माद्या लवकर वयात येतात आणि संख्येने जास्त, आकाराने लहान पिल्लं देतात. ही सारी वीण शत्रूच्या तोंडी जाणाऱ्यांची भरपाई आहे. काचेच्या टाकीत शत्रू नसतो, खाणे मात्र दोन वेळा वरून पडते. मग मासे वाढले याचे नवल कसले?

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे टाकीत नुसते नर ठेवणे. गप्पीत रंग आणि झुलती शेपटी मुख्यतः नरालाच असते, त्यामुळे शोभेत काही उणे पडत नाही. गप्पीचे नर एकत्र नांदतात. स्वोर्डटेलचे नर मात्र आपसांत भांडतात. नर ओळखण्याची खूण रंगापेक्षा पोटाखालचा मागचा पर ही धरावी. नरात तो निमुळता, काडीसारखा होतो. मादीत पंख्यासारखा राहतो आणि त्याच्या वर काळसर डाग दिसतो. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होताच ही निवड करावी लागते. महिनाभर चालढकल केली तर उशीर झालेला असतो.

नुसत्या माद्या ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. मादी नराचे वीर्य कित्येक महिने शरीरात साठवते आणि नर नसतानाही एकामागून एक खेपा देते. दुकानातली मोठी मादी बहुधा गाभणच असते. एका नरामागे दोन-तीन माद्या, हे दुसरे लोकप्रिय प्रमाण नराच्या पाठलागातून मादीला उसंत मिळावी म्हणून आहे. संख्या त्याने वाढतेच.

नर-माद्या एकत्रच ठेवायच्या असतील तर पिल्लं वाचवण्याची हौस सोडावी. गप्पी स्वतःची पिल्लं खातो. दाट वनस्पती आणि पिल्लांसाठी टांगलेली जाळीची पेटी काढली की बरीचशी पिल्लं पहिल्या काही दिवसांतच कमी होतात. हे क्रूर वाटणाऱ्यांनी गर्दीच्या टाकीतले कुबड आलेले, खंगलेले मासे पाहावेत. जवळच्या नात्यातली वीण पिढ्यान्‌पिढ्या चालली की असे मासे दिसू लागतात. एंजल मासा पिल्लं फस्त करतो, पण त्याला उंच टाकी लागते आणि मोठा झाला की तो बारीक नरांनाही सोडत नाही. खाणे कमी केले की खेपा लहान होतात. ऊब वाढली की गर्भ लवकर वाढतो. महाडच्या उन्हाळ्यात टाकीला हीटर लावणे म्हणजे विणीला आमंत्रण आहे.

दोन फुटी टाकीत जेमतेम पन्नास लिटर पाणी मावते. पंधरा-वीस गप्पींपुढे तिच्यावरचा भार वाढत जातो : विष्ठेतून अमोनिया साचतो, कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. पावसाळ्यात वीज जाऊन फिल्टर बंद पडला की गर्दीची टाकी आधी अडचणीत येते आणि मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेऊ लागतात.

जादा मासे नदीत सोडू नयेत. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. तिला मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड येथे देवीचे म्हणून राखलेले महाशीर मासे आहेत. परका, भराभर विणारा मासा स्थानिक माशांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतो. गॅम्बुशिया तर जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत आहे. अंगणातल्या उघड्या सिमेंटच्या टाकीचाही इथे विचार करावा लागतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी जमिनीलगतची टाकी आणि नदी यांत अंतर उरत नाही. पूररेषेतल्या घरांनी गप्पी घरात, उंचावर ठेवणे बरे.

जादा मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. व्यंग असलेला मासा मारावाच लागला तर लवंगेचे तेल थोड्या पाण्यात घुसळून वापरतात : आधी थोडे, मासा निपचित पडल्यावर अधिक. संडासात जिवंत सोडणे किंवा फ्रीजरमध्ये ठेवणे टाळावे.

जादा माशांचा एक खरा उपयोग उरतो. धो धो पावसाचा हा मुलूख एप्रिल-मेमध्ये टँकरवर येतो; पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर पिंपे आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. आठवड्यातून एकदा रिकामे करून घासता येणाऱ्या पिंपाला माशाची गरज नाही, कोरडा दिवस पुरतो. उपसता न येणाऱ्या बंदिस्त सिमेंटच्या टाकीत मात्र गप्पी कामी येतो. पाण्यात क्लोरीन असेल तर ते दिवसभर उघडे ठेवून मगच मासा सोडावा. तिथेही नुसते नर चालतात; मादी अंगाने मोठी असल्याने अळ्या जास्त खाते, पण तिच्याबरोबर पुढची पिढीही टाकीत उतरते.