मंडईचा भोंगा आणि ब्रिज केलेला बेस

भंडारा जिल्ह्यात भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, असा तिचा थाट. ध्वनिक्षेपक येण्याआधी मोकळ्या मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत संवाद पोचवण्याचा सगळा भार नटाच्या गळ्यावर होता.

पुढे बिछायत केंद्रांतून कनाती आणि सतरंज्यांबरोबर भोंगा व अॅम्प्लिफायरही भाड्याने मिळू लागला. भोंगा थोड्या शक्तीत लांबवर ऐकू जातो, मात्र साधारण 300 हर्ट्झच्या खालचे सूर त्यातून नीट निघत नाहीत. संवाद स्पष्ट कळे, ढोलकीचा घुमारा मात्र हरवे. तो परत मिळवायचा तर मोठा कागदी कोन, बंदिस्त पेटी आणि भरपूर शक्ती हवी.

अडचण शक्तीचीच होती. वीज नसेल तिथे अॅम्प्लिफायर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चाले. अशा पुरवठ्यावर बाहेर पडणारी लाट मध्यापासून फार तर 6 व्होल्ट वर आणि 6 व्होल्ट खाली जाते. 4 ओहमच्या स्पीकरला त्यातून हिशेबाने साडेचार वॅटच मिळतात. मोटारीतल्या रेडिओचीही हीच अडचण होती आणि ब्रिज जोडणीचा प्रसार मुख्यतः तिथूनच झाला. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अॅम्प्लिफायर जोडायचा आणि एकाला उलटा सिग्नल द्यायचा. एक वर जाताना दुसरा खाली येतो, व्होल्टेज दुप्पट होते आणि शक्ती कागदावर चौपट, म्हणजे 18 वॅट. शिवाय एकेरी पुरवठ्यात स्पीकरच्या वाटेवर बसवावा लागणारा मोठा कपॅसिटर वगळता येतो. खालचे सूर खाणारा तोच असल्यामुळे बेससाठी हा फायदा वॅटांहून कमी मोलाचा नाही.

किंमत मात्र द्यावी लागते. 4 ओहमचा स्पीकर प्रत्येक अॅम्प्लिफायरला 2 ओहमचा भासतो, करंट वाढतो, हीटसिंक तापतो. ब्रिजमध्ये स्पीकरची एकही तार ग्राउंडला लावायची नसते. जुन्या सवयीने काळी तार चेसिसला जोडली की एका बाजूचे आउटपुट शॉर्ट होते.

टीडीए 2030 सारख्या आयसी आल्यावर सुटे ट्रान्झिस्टर जुळवण्याची खटपट कमी झाली. टीडीए 7294 ने घरगुती सबवूफरला खरे बळ दिले. दोन टीडीए 7294 ब्रिज केल्यास 8 ओहमच्या स्पीकरवर, उणे-अधिक 25 व्होल्टच्या पुरवठ्यात, कमाल 150 वॅट मिळतात. 8 ओहमपेक्षा कमी भार या जोडणीला चालत नाही, त्यामुळे 4 ओहमचा वूफर हाताशी असेल तर हा बेत सोडून द्यावा.

आता क्लास डी बोर्डांनी वजन आणि उष्णता दोन्ही घटवली आहेत. त्यांतल्या टीपीए 3116 चे प्रत्येक आउटपुट मुळातच ब्रिज असते, म्हणून त्याचे दोन चॅनल पुन्हा ब्रिज करता येत नाहीत. एकाच वूफरला सगळी शक्ती हवी असेल, तर बोर्डावर सोय असल्यास ते समांतर जोडावेत. बोर्डावर छापलेल्या वॅटांवर जाऊ नये. आधी वूफरचे ओहम आणि पुरवठ्याचे व्होल्ट पाहावेत, मग बोर्ड विकत घ्यावा.