कॅप्सूल एन्डोस्कोपी

गोळीएवढा कॅमेरा गिळून पचनमार्गाची, मुख्यतः लहान आतड्याची, आतून छायाचित्रे घेण्याची तपासणी. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून आद्यांत्रापर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली मोठे आतडे पार करून फार तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी पोहोचते. मधले कित्येक मीटर लांबीचे वेटोळे दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहते. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात त्याचा आकार उमटतो, पण अस्तरावरचे बारीक व्रण व रक्तस्रावाच्या जागा सहज निसटतात.

इस्राएलचे अभियंते गॅव्ह्रिएल इदान हे मूळचे क्षेपणास्त्रांच्या प्रतिमायंत्रणांवर काम करणारे. १९८१ मध्ये बोस्टन येथे असताना जठरांत्रतज्ज्ञ एतान स्कापा यांच्याशी झालेल्या गप्पांतून त्यांचे लक्ष या अडचणीकडे वळले. त्या काळचे प्रतिमा-संवेदक वीज फार खात. कमी विजेवर चालणारे सीमॉस संवेदक १९९० नंतर विकसित झाले, तेव्हाच गोळीत मावणाऱ्या बॅटरीवर तासन्‌तास चित्रण शक्य झाले. लंडनमध्ये पॉल स्वेन याच दिशेने स्वतंत्रपणे प्रयत्न करत होते. पुढे दोघे एकत्र आले व २००० मध्ये ‘नेचर’मध्ये संयुक्त टिपण प्रसिद्ध झाले. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली.

पहिली कॅप्सूल ११ × २६ मिमी. मापाची होती. ती सेकंदाला दोन छायाचित्रे टिपून पोटावर चिकटवलेल्या संवेदकांमार्फत कमरेच्या नोंदयंत्राकडे धाडी. आठ तासांत सुमारे ५०,००० छायाचित्रे जमतात. ती डोळ्यांखालून घालणे हेच या तपासणीतले खरे कष्टाचे काम. अलीकडे संशयास्पद चित्रे निवडून पुढे ठेवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होतो. कॅप्सूल आतड्याच्या हालचालीने पुढे सरकते आणि शौचावाटे बाहेर पडते.

दोन्ही बाजूंनी दुर्बीण घालूनही उगम न सापडलेला रक्तस्राव हे तपासणीचे प्रमुख कारण. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या क्रोन रोगातही ती उपयोगी पडते. मात्र कॅप्सूलने तपासणीसाठी अस्तराचा तुकडा काढता येत नाही. त्यासाठी फुगा लावलेल्या लांब दुर्बिणीचा आधार घ्यावा लागतो.

आतडे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल अडकू शकते. दोन आठवड्यांनंतरही ती आत असेल तर ‘अडकली’ असे मानतात. काहींना शस्त्रक्रिया करावी लागते. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण येथे क्रोन रोगाबरोबरच आतड्याच्या क्षयानेही आकुंचन होते आणि दोहोंतला फरक ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते. शंका असल्यास आधी त्याच मापाची, अडकली तरी विरघळणारी चाचणी-गोळी देतात. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय टाळतात.

मोठ्या आतड्यासाठी दोन्ही टोकांना कॅमेरे असलेली कॅप्सूल आहे. जठरासाठी चुंबकाने वळवता येणारी कॅप्सूल चीनमध्ये वापरात आहे.